चौथी लाल नोंद

माझ्या वडिलांनी सिंगापूर पाहिलं ते बहुतेक आमच्या ब्लॉकखालच्या सिमेंटच्या बाकावरून. पाहुण्यांच्या पासची मुदत वाढवून वाढवून पाच महिने राहिले. सुरुवातीला मी त्यांना पक्षी दाखवायला नेलं, केबल कारमध्ये बसवलं, एमआरटीच्या रेल्वेने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. सगळीकडे ते परक्याच्या पंगतीला बसल्यासारखे आदबीने वागले आणि घरी येऊन चपला काढता काढता एकच विचारायचे, "मग, लिवायला कधी बसायचं?"

कारण ते फिरायला आलेच नव्हते. कपड्यांच्या पिशवीत तळाशी, टॉवेलात गुंडाळून त्यांनी आपलं फौजेतलं डिस्चार्ज बुक आणलं होतं. त्यातला एक शेरा बदलून मिळावा म्हणून रेकॉर्ड ऑफिसला इंग्रजीत अर्ज करायचा होता, आणि इंग्रजी लिहिणारा मुलगा सिंगापुरात होता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ते विमानात बसले.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी जहाजावर बरीच वर्षं काढून नुकताच किनाऱ्यावर आलो होतो. चीफ इंजिनियरचा सुपरिंटेंडंट झालो होतो, म्हणजे कंपनीच्या जहाजांची यंत्रं बिघडली की धावत जायचं आणि वर साहेबाची बोलणीही खायची. क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट होता. मी आणि बायको, दोघंच. स्वभावाने मी तेव्हाही तापट होतो, पण तेव्हा मला वाटायचं की तो कामाचा ताण आहे.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा नऊ वर्षं फौजेत शिपाई होते. फौजेत शिक्षा झाली की ती लाल शाईने चढते, आणि अशा चार लाल नोंदी झाल्या की 'तुमची आता गरज नाही' म्हणून घरी पाठवता येतं. आबांच्या चार झाल्या. डिस्चार्ज बुकात चालचलनाच्या रकान्यात एक इंग्रजी शब्द लिहिला होता, त्याचा अर्थ यथातथा. धड वाईट नाही, चांगलं तर नाहीच. आमच्या साताऱ्याकडच्या गावात घरटी एक तरी फौजी, त्यामुळे तिथे अशा माणसाला काय म्हणतात ते लहानपणीच माझ्या कानावर पडलं होतं. नाव कापून आलेला.

चौतीस वर्षं आबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण त्या वर्षी गावातल्या माजी सैनिकांनी ठरवलं की शाळेच्या आवारात संगमरवरी पाटी बसवायची आणि गावातून फौजेत गेलेल्या प्रत्येकाचं नाव तिच्यावर कोरायचं. अट एवढीच, की डिस्चार्ज बुक दाखवायचं आणि चालचलन निदान 'चांगलं' असायला हवं. आबांनी बुक नेऊन दाखवलं. मंडळींनी ते पाहिलं, एकमेकांकडे दिलं, आबांना चहा पाजला आणि बुक परत केलं.

"च्या दिला त्यांनी," हे आबा मला दोनदा म्हणाले.

पाटी सव्वीस जानेवारीला बसणार होती. त्याआधी शेरा बदलून आला तर नाव कोरून घेऊ, असं त्या मंडळींनी कबूल केलं होतं.

एका रविवारी सकाळी शेवटी मी वही घेऊन बसलो. बायकोने पोहे केले होते. आबांनी पोह्यांची ताटली बाजूला सरकवली, हात पुसले आणि बुक उघडलं.

"तीन नोंदी माझ्या हायत," ते म्हणाले. "त्या तशाच ऱ्हाऊ देत. एकदा लंगरमधे जेवताना मारामारी केली. एकदा पहाऱ्यावर डोळा लागला. एकदा दारू पिऊन परेडला गेलो. तिन्ही येळेला म्या चुकलो, शिक्षा भोगली. पर चौथी माझी न्हाई. तेवढं लिव."

चौथी नोंद होती रजा संपल्यावर तेवीस दिवस बिनाखबर गैरहजर राहिल्याची. ती गोष्ट मला पाठ होती. आबा रजेवर घरी आले असताना मला टायफॉइड झाला. मी चार वर्षांचा होतो. रजा संपायच्या दोन दिवस आधी आबा तालुक्याला चालत गेले आणि रजा वाढवून मागणारी तार करून आले. उत्तर आलं नाही. नकार नाही म्हणजे होकार, असं धरून ते माझ्या उशाशी बसून राहिले. मी उठून बसायला लागलो तेव्हा पलटणीत परत गेले, तर तिथे सांगण्यात आलं की तार-बीर काही आलेली नाही.

तारेची पावती त्यांनी जपून ठेवली होती. बुकाच्या शेवटच्या पानात घडी घातलेली, तपकिरी पडलेली, मधोमध फाटायला आलेली. गोल शिक्का भिंगाखाली धरला तर महिना कसाबसा लागायचा, तारीख नाही.

"ही जोड त्येला," आबा म्हणाले.

आता इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझी आत्या ही कहाणी लहानपणी चारचौघांत सांगायची आणि शेवटी माझ्या डोक्यावर टपली मारायची, "ह्या कार्ट्यापायी नाव कापलं बघा!" सगळे हसायचे. मीही हसायचो. पुढे पुढे मला ते हसणं नकोसं झालं. मग कधीतरी मी मनाशी एक सोयीची समजूत करून घेतली, की आबा मुळातच वेळेचे कच्चे. तार केलीच नसणार. पावती दुसऱ्या कसल्या तरी तारेची असेल. तीन वेळा चुकलेला माणूस चौथ्यांदा चुकला, त्यात काय नवल? असं मानलं की माझा टायफॉइड त्यातून सुटायचा. मी बापावर विश्वास ठेवला नाही, कारण तो ठेवणं मला जड जात होतं. हे मी त्या रविवारी पोहे खाताना कबूल केलं नसतं. आज करतो.

आणि दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. जहाजावर एखाद्या खलाशाने गुन्हा केला तर लॉगबुकात नोंद होते. पण ती नुसती लिहून चालत नाही. त्या माणसाला समोर बोलवायचं, साक्षीदार उभा करायचा, नोंद त्याला कळेल अशा भाषेत मोठ्याने वाचून दाखवायची, त्यावर तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत खाली लिहायचं आणि मग सही घ्यायची. 'मला काही म्हणायचं नाही' असं म्हणाला तर तेही लिहायचं. वाचून दाखवलेली नसेल तर ती नोंद टिकत नाही. मी यासाठी एका कप्तानाशी भांडलेला माणूस आहे. इंजिनरूममधल्या एका ऑइलमनला त्याने न वाचताच सही करायला लावली होती, तेव्हा मी सगळ्यांसमोर ती नोंद पुन्हा वाचायला लावली. ही हकिगत मी पार्ट्यांमध्ये फुशारकीने सांगत असे.

पण त्याच धंद्यात एक दुसरी रीतही आहे. एवढं सगळं झाल्यावर खलाशाला कंपनीत पुन्हा जहाज हवं असलं, की तो माफीनामा देतो. वाद घालायचा नाही, पुरावे द्यायचे नाहीत. चूक झाली, वय लहान होतं, घरच्या अडचणीत होतो, पुन्हा होणार नाही, दया करा. ऑफिसातल्या साहेबांना माफी मागणारा माणूस आवडतो, हुज्जत घालणारा नाही. माझ्याकडे किती खलाशी येऊन म्हणायचे, "साब, माफीनामा लिख दो." माझ्या कॉम्प्युटरवर त्याचा एक साचाच तयार होता. नाव आणि तारीख बदलली की झालं.

आबांचा अर्ज मी त्या साच्यावर केला.

वाईट हेतू नव्हता. मला खरंच वाटलं की काम असंच होतं. सोमवारी दुपारी ऑफिसात, एकीकडे बिघडलेल्या जनरेटरबद्दल फोन चालू असताना, मी चारही नोंदींखाली लिहिलं की हे गुन्हे माझ्या हातून घडले, मी ते मान्य करतो, मला पश्चात्ताप होतो. चौथीत 'वरिष्ठांना न कळवता' हे शब्द साच्यातच होते, ते राहू दिले. पावतीची झेरॉक्स काढून पाहिली, नुसता करडा डाग उमटला. हा डाग लावून उलट हसं व्हायचं, म्हणून लावला नाही. तारेचा उल्लेखही मग कशाला ठेवायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला. आबा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. त्यांनी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिला. फौजेत त्यांना रोमन अक्षरं शिकवली होती. एमआरटीच्या पाट्या ते एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचत. पण हे इंग्रजी होतं.

"वाचून दाव की जरा," ते म्हणाले.

"आबा, खाली टॅक्सी थांबलीय. लाँच सुटेल माझी, जहाज बाहेर समुद्रात अँकरेजवर उभं आहे. तुम्ही सांगितलंत ते सगळं आहे त्यात."

"तारेचं?"

"आहे."

"पावती जोडली?"

"ओरिजिनल पाठवायची नसते. झेरॉक्स जोडली."

त्यांनी मान डोलावली. पेन दोनदा झटकलं आणि रोमन अक्षरांत, शाळेतल्या पोरासारखी एकेक अक्षर सुटं काढत सही केली. साक्षीदार म्हणून बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नंतर मला विचारलं, "वाचून का नाही दाखवलंत?" मी तिच्यावरच खेकसलो.

त्यानंतरचे तीन महिने आबा आनंदात होते. हे मला सगळ्यात जास्त आठवतं.

खालच्या बाकावर त्यांना एक म्हातारे सरदारजी भेटले होते. जन्म इथलाच, तरुणपणी इथल्या पोलिसात होते, मग वॉचमन. इंग्रजी वाचायचे, हिंदी पंजाबीच्या फोडणीची. आबांना ते 'फौजी' म्हणत. सकाळी आठला दोघं बाकावर हजर. शनिवारी दुपारी नॅशनल सर्व्हिसची पोरं हिरव्या गणवेशात, पाठीवर बोजे घेऊन घरी यायची, तेव्हा आबा पाय जुळवून ताठ बसत.

"यहाँ सब को जाना पड़ता है, फौजी। हर घर का लड़का," सरदारजींनी सांगितलं.

आबांना ते फार नवलाचं वाटलं. घरी येऊन बायकोला म्हणाले, "सगळ्यांनाच जावं लागतंय म्हनं. मग ह्यांच्या गावाला पाटी केवढी लागंल गं!" आम्ही तिघं मनापासून हसलो.

लेटरबॉक्सची किल्ली त्यांनी स्वतःकडे घेतली होती. पोस्टमन येऊन गेला की खोका उघडायचा, विजेची बिलं आणि जाहिराती वर आणायच्या. गावाकडे त्यांनी पत्र टाकलं होतं, की अर्ज गेलेला आहे, पाटीवर माझ्या नावापुरती जागा सोडा. त्यांनी ते पत्र मला वाचून दाखवलं, काही चुकलंय का पाहायला. मी म्हटलं, छान आहे.

उत्तर आलं ते डिसेंबरमध्ये, त्यांची परत जायची तारीख दहा दिवसांवर असताना. मी ऑफिसात होतो. आबांना पाकिटावरचा शिक्का ओळखता आला. वर येऊन सुनेला दाखवण्याइतका दम त्यांना धरवला नाही. बाकावरच सरदारजींकडून फोडून घेतलं. आत एका पानाचं उत्तर होतं आणि त्याला आमच्याच अर्जाची प्रत टाचलेली होती.

मी साडेसहाला घरी आलो. खिडकीतून अजून भरपूर ऊन येत होतं. आबा टेबलाशी बसले होते आणि पुढ्यात कागद होते. बायको आतून बाहेर आली नाही, तेव्हाच मला कळलं.

उत्तर साधं होतं. अर्जदाराने चारही गुन्हे स्वतः मान्य केले आहेत आणि वरिष्ठांना न कळवता गैरहजर राहिल्याचंही मान्य केलं आहे. तेव्हा शेरा बदलण्यास कारण दिसत नाही.

"सरदारजीनं दोनदा वाचलं," आबा म्हणाले. "त्येलाच खोटं वाटलं. मला म्हनाला, फौजी, तूने तो खुद लिख के दिया है। म्या म्हनलं, न्हाई, माझ्या लेकानं लिवलंय."

"आबा, असंच लिहितात. माफी मागितली की ऐकतात ते लोक. जहाजावर आम्ही..."

"म्या माफी मागाय आलो नव्हतो रं."

मी खुर्ची ओढून बसलो. पुन्हा तेच बोलत राहिलो. पावतीची झेरॉक्स नीट आली नाही, तारीख दिसत नाही, इतक्या वर्षांनी कोण शोधणार. आबांनी ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

"तुला खरं वाटलं न्हवतं," ते म्हणाले. "व्हय ना?"

मी टेबलावरचे कागद सरळ करू लागलो.

"गाववाल्यांनी न्हाई धरलं खरं, ते समजू शकतो. त्यांनी काय बघितलं हुतं? पर तू तर हुतास तिथं. तुझ्याच उशाला बसलो हुतो."

एवढं बोलून ते उठले, कागदांची घडी घातली आणि हात धुऊन जेवायला बसले. बायकोने आमटी वाढली. मी अर्धं ताट तसंच ठेवून उठलो. आबांनी मात्र ताट स्वच्छ केलं. फौजेतली सवय, ताटात टाकायचं नाही.

उरलेले दहा दिवस ते माझ्याशी नेहमीसारखे बोलले. लेटरबॉक्सची किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवली आणि पुन्हा घेतली नाही. मी म्हटलं, दुसरा अर्ज करतो, आजच करतो. तर म्हणाले, "गावी गेल्यावर बघू." विमानतळावर पाया पडलो तेव्हा पाठीवर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवला, असं मला वाटतं. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल.

सव्वीस जानेवारीला पाटी बसली. आबा समारंभाला गेले होते, असं चुलतभावाने कळवलं. मागे उभे होते, टाळ्या वाजवल्या आणि पेढा घेऊन घरी आले.

दुसरा अर्ज मी केला. त्याला महिना लागला, कारण या वेळी साचा नव्हता. तीन नोंदी मान्य, चौथी अमान्य. तालुक्यापर्यंत चालत जाणं, तार, पावती, तेवीस दिवस, उशाशी बसणं, सगळं लिहिलं. आजारी मुलगा मीच होतो आणि साक्ष द्यायला तयार आहे, हेही लिहिलं. प्रत्येक इंग्रजी ओळीखाली हाताने मराठी ओळ लिहिली, म्हणजे आबांना कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही. सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आणि रजिस्टर पोस्टाने गावी पाठवला.

कागद परत आला. सहीची जागा मोकळी होती. सोबत आबांचं पत्र होतं, ते अजून माझ्याकडे आहे.

'तुझा कागद पोचला. सगळा वाचला. ह्या वेळी बरोबर लिहिलं आहेस, एक शब्द कमी-जास्त नाही. वाचून बरं वाटलं. पण सही करत नाही. पहिल्या कागदावर सही माझीच आहे. ह्याच्यावर पण केली तर ते विचारतील ह्यातला खरा कोणता. आजवर मी चुकार होतो, खोटा नव्हतो. तू वाईट वाटून घेऊ नको. सूनबाईस आशीर्वाद.'

मी फोन केला, हट्ट केला, चिडलोसुद्धा. त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी शिमग्याच्या आसपास ते झोपेतच गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जाऊन ती पाटी पाहिली. तीन उभ्या ओळींत नावं आहेत, काळ्या रंगाने भरलेली. मी सगळी वाचली. शेवटच्या ओळीत खाली एका नावापुरती जागा मोकळी आहे. कारागिराने मोजमाप करून सोडली असेल किंवा आबांच्या पत्रावरून कुणीतरी सोडायला सांगितली असेल, मी कुणाला विचारलं नाही. त्या जागेत आबांचं नाव नाही, आणि ते दोनदा माझ्यामुळे नाही. पहिल्या वेळी मी चार वर्षांचा होतो, अंगात ताप होता. दुसऱ्या वेळी मी अडतीस वर्षांचा होतो, आणि तो कागद वाचून दाखवायला मला पाच मिनिटं लागली असती.